संगमेश्वरच्या चिमुकल्या माशांचे फोटो

मुलांनो, मुंबई-गोवा महामार्गाने रत्नागिरीकडे निघालात, की चिपळूण मागे टाकल्यावर काही वेळाने संगमेश्वर लागते. कोकण रेल्वेने आलात तर ‘संगमेश्वर रोड’ या स्टेशनावर उतरायचे. या गावाच्या नावातच संगम आहे. इथे सोनवी नदी शास्त्री नदीला येऊन मिळते. जवळच्या कसबा गावात अलकनंदा आणि वरुणा यांचा संगम आहे. सह्याद्रीतून धावत आलेले हे सगळे पाणी शेवटी जयगडच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते.

इतिहासाच्या पुस्तकात तुम्ही संगमेश्वरचे नाव वाचलेच असेल. फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज मुघलांच्या हाती सापडले ते याच ठिकाणी. म्हणून लोक इथे येतात, महाराजांच्या स्मारकापुढे हात जोडतात. कर्णेश्वराच्या देवळावरचे कोरीव काम डोळे भरून पाहतात. मग मारळच्या मार्लेश्वराला जातात, तिथला धारेश्वर धबधबा बघतात. प्रत्येक ठिकाणी भरपूर फोटो काढतात. पुलावर गाडी थांबवून नदीचाही फोटो काढतात.

पण त्या नदीत राहणाऱ्यांचा फोटो कोणी काढतो का? नाही ना? आज आपण तेच करू या. वाघाचा, हत्तीचा फोटो काढायला जंगलात जावे लागते. बोटाएवढ्या माशाचा फोटो मात्र तुम्हाला घराच्या पडवीत बसूनही काढता येईल. फक्त एक अडचण आहे. हे महाशय क्षणभरही एका जागी थांबत नाहीत!

वरून दिसतो तो अर्धाच मासा

दिवाळीनंतर पावसाचा गढूळपणा गेला, की आमच्याकडचे पऱ्हे अगदी नितळ होतात. तळाचे गोटे मोजता येतात. काठावर बसून भाताची चार शिते टाका. कुठून कोण जाणे, पाच-पन्नास मासे गोळा होतात. एक झटापट, आणि शिते गायब.

मी एकदा चौथीच्या मुलांना विचारले, “या माशांचा रंग कोणता?” कुणी म्हणाले करडा, कुणी म्हणाले मातकट, कुणी म्हणाले काळपट. मग एका रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत त्यातलाच एक मासा घेतला आणि बरणी उजेडात धरली. वर्ग एकदम गप्प झाला. माशाच्या अंगावर निळ्या रेघा होत्या, त्यांच्या मधे पिवळ्या रेघा होत्या, आणि तो वळला की सगळे अंग चांदीसारखे लखलखत होते. ही मुले जन्मापासून त्या पऱ्ह्याकाठी राहतात. पण हा मासा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ‘पाहिला’.

असे का झाले, सांगू? आपण नदीतला मासा नेहमी वरून पाहतो. खूपशा माशांची पाठ गडद असते आणि पोट फिकट किंवा रुपेरी असते. झाडाच्या फांदीवर खंड्या टपून बसलेला असतो ना, त्याला वरून पाहताना माशाची गडद पाठ तळाच्या दगडमातीत मिसळून गेलेली दिसते. खालून येणाऱ्या मोठ्या माशाला त्याचे फिकट पोट वरच्या उजेडात मिसळलेले दिसते. म्हणजे वरून लपायचे, खालून लपायचे. मग नटायचे कुठे? तर बाजूला! कारण बाजू ही आपल्या भाईबंदांना दाखवायची असते. थवा करून पोहणाऱ्या माशांना शेजारी कोण पोहतोय हे ओळखावे लागते.

तेव्हा काठावर उभे राहून दिसतो तो अर्धाच मासा. उरलेला अर्धा बघायला मधे काच हवी.

काचेची खिडकी

ही काचेची खिडकी तशी अलीकडची बरं का! लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांना बघण्यासाठी पहिले मत्स्यालय १८५३ मध्ये उघडले. त्याआधीच्या पुस्तकांतली माशांची चित्रे बहुधा पाण्याबाहेर काढलेल्या माशांवरून केलेली असत. मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि तिथल्या काचांना नाक लावून कितीतरी पिढ्यांनी मासे पाहिले.

आपल्या रत्नागिरीतही झाडगावला सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. ते १९५८ साली स्थापन झाले आणि आता दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथे मत्स्यालय आहे, संग्रहालय आहे, आणि देवमाशाचा भला मोठा सांगाडाही आहे. शाळेच्या सहलीत तिथे गेलात, तर एक गोष्ट मुद्दाम करा. आधी औषधी द्रावणात बुडवून बरण्यांत ठेवलेले मासे बघा. त्यांचा आकार, पंख, दात सगळे नीट दिसेल. पण रंग? ते फिकट, पांढुरके झालेले असतात. मासा मेला की रंग उतरू लागतात, आणि द्रावणात राहिल्यावर तर आणखीच जातात. नंतर टाकीतले जिवंत मासे बघा. दोन्हींतला फरक तुमच्या लगेच लक्षात येईल.

म्हणूनच नवा मासा सापडला, की शास्त्रज्ञ त्याला आधी छोट्या अरुंद काचपेटीत ठेवतात आणि जिवंतपणीच त्याचे फोटो काढून घेतात. बरणीत मासा टिकतो, पण त्याचे रंग फोटोतच टिकतात.

कोण कोण भेटेल?

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या ओढ्यानद्यांत जी छोटी मंडळी राहतात, त्यांतल्या चौघांची ओळख करून देतो.

पहिला, मलबार डॅनिओ. निळ्या-पिवळ्या रेघांचा, थव्याने फिरणारा आणि वाहत्या पाण्याची आवड असणारा. आमच्या बरणीतला पाहुणा हाच. फोटो काढायला सगळ्यांत अवघड! शिवाय उड्या मारण्यात पटाईत, त्यामुळे भांड्यावर जाळी हवीच.

दुसऱ्याच्या शेपटीच्या थोडा अलीकडे मोठा काळा ठिपका असतो. मोठ्या नराच्या पाठीवरच्या पंखातून लांब दोऱ्यासारखे तंतू निघतात. गंमत म्हणजे याच्या पिल्लांच्या अंगावर काळपट आडवे पट्टे असतात आणि मोठेपणी ते जातात. पिल्लाचा आणि आईबापाचा फोटो शेजारी ठेवलात, तर दोन वेगळ्या जाती वाटतील.

तिसरा काठाजवळच्या संथ पाण्यात, अगदी पृष्ठभागाला लागून राहतो. त्याच्या डोक्यावर एक चमकदार ठिपका असतो, त्यामुळे काठावरूनही हा ओळखू येतो. डासांच्या अळ्या हा त्याचा आवडता खाऊ. हे पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे, लक्षात ठेवा.

चौथी मुरी. ही तळाशी वाळूत आणि गोट्यांत राहते. तोंडाशी बारीक मिशा, अंगावर पट्टे. झटकन पळते आणि एकदम थांबते. पहिला फोटो हिचाच काढा, म्हणजे हिंमत वाढेल.

तुम्ही शहरात राहत असाल, तर पाळीव माशांच्या दुकानातला झेब्रा डॅनिओ हा आपल्या पहिल्या पाहुण्याचाच चुलतभाऊ आहे. जेमतेम दीड इंचाचा हा मासा जगभरच्या प्रयोगशाळांत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही त्याच्यावर अभ्यास चालतो. त्याच्या अंड्यातले पिल्लू काचेसारखे आरपार दिसते, म्हणून हृदय कसे तयार होते, डोळा कसा तयार होतो, हे शास्त्रज्ञांना जिवंत पिल्लात पाहता येते.

थोडे गणित करू या

चपळ माशाचा फोटो पुसट का येतो? समजा, मासा सेकंदाला २० सेंटिमीटर पोहतो. कॅमेऱ्याचा पडदा, म्हणजे शटर, एका सेकंदाचा तिसावा भाग उघडा राहिला, तर तेवढ्यात मासा किती पुढे जाईल? २० भागिले ३०, म्हणजे साधारण ७ मिलिमीटर. मासाच मुळी ५० मिलिमीटरचा! मग त्याचे डोळे, खवले सगळे फासले जाणारच. आता शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकेच उघडा. मासा सरकतो अवघा ०.४ मिलिमीटर. आता फोटो कसा स्वच्छ येतो बघा.

पण इथे एक मेख आहे. शटर जितका कमी वेळ उघडे, तितका उजेड कमी आत येतो. तिसाव्या भागावरून पाचशेव्या भागावर गेलात, की उजेड जवळजवळ सतरापट कमी होतो. म्हणून चपळ माशाच्या फोटोचे खरे गुपित महागड्या कॅमेऱ्यात नाही, ते उजेडात आहे.

अमेरिकेतले हॅरॉल्ड एजर्टन नावाचे शास्त्रज्ञ तर अतिशय क्षणिक लखलखाट करणारे दिवे वापरून फोटो काढत. दुधाचा थेंब पडल्यावर उडणारा मुकुट आणि फळातून आरपार जाणारी बंदुकीची गोळी त्यांनी फोटोत पकडली. लखलखाटच इतका अल्प काळ असे, की त्या वेळात गोळीलाही पुढे सरकायला सवड मिळत नसे. मग मासा तो काय!

आता तयारी

१. सपाट काचेचे भांडे घ्या. गोल बरणीत मासा बघायला छान दिसतो, पण फोटोत वाकडातिकडा येतो. फूटभर लांबीची छोटी काचपेटी उत्तम. ती नसेल तर सपाट बाजूंचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबाही चालेल. काच कापण्याचे आणि कडा घासण्याचे काम मोठ्या माणसांचे किंवा काचवाल्याचे, तुमचे नाही.

२. पाणी माशाच्याच पऱ्ह्यातले घ्या. घरच्या टाकीसाठी विहिरीचे पाणी चालते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मगच वापरा.

३. तळाला धुतलेली वाळू, एखादा गोटा आणि एखादे पान टाका. मागे बाहेरून काळा किंवा निळा कार्डशीट लावा. पुष्कळ मासे आजूबाजूच्या रंगाप्रमाणे गडद किंवा फिकट होतात. पांढऱ्या भांड्यात ठेवलेला, घाबरलेला मासा पांढराफटक पडतो. त्याला तासभर शांत राहू द्या, रंग परत येतात.

४. काचेला आतून चिकटलेले बुडबुडे कापसाने पुसा. बाहेरून काच मऊ कापडाने स्वच्छ करा. बोटाचा एक ठसा फोटोत केवढा दिसतो, ते कळेलच!

५. पेटीच्या आत एक काच उभी सरकवा, म्हणजे माशाला पुढे-मागे पोहायला तीन-चार इंचच जागा उरेल. डावीकडे-उजवीकडे मात्र मोकळीक ठेवा. मासा वळू शकला पाहिजे, तो दाबला जाता कामा नये.

६. उजेड वरून आणि जरा बाजूने येऊ द्या. माशांच्या कातडीत आरशासारखे बारीक स्फटिक असतात, त्यांच्यामुळे ते चमकतात. आरशावर समोरून विजेरी मारली तर काय होते? डोळे दिपतात. तसेच समोरून फ्लॅश मारला, की काचेवर पांढरा डाग येतो आणि मासाही पांढरा होतो. म्हणून मोबाईलचा फ्लॅश बंदच ठेवा. सकाळचे कोवळे ऊन किंवा वर टांगलेला दिवा चांगला. पण छोटी पेटी उन्हात जास्त वेळ ठेवू नका. पाणी तापले, की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासे धापा टाकू लागतात.

७. खोलीतले बाकीचे दिवे घालवा. काळ्या कार्डशीटला भोक पाडून त्यातून कॅमेऱ्याचे भिंग बाहेर काढा. आता काचेत तुमचा चेहरा आणि तुमचा शर्ट उमटणार नाही. कॅमेरा काचेच्या अगदी समोर, सरळ धरा. तिरका धरलात, तर काच आणि पाणी मिळून माशाचा आकार बिघडवतात.

माशाच्या मागे धावू नका

तयारी झाली. आता नवशिका काय करतो? मासा डावीकडे गेला की कॅमेरा डावीकडे, उजवीकडे गेला की उजवीकडे! शंभर फोटो निघतात आणि शंभरांत मिळून दोनच शेपट्या सापडतात.

तुम्ही तसे करू नका. कॅमेरा बाजूला ठेवा आणि दहा मिनिटे नुसते बघा. तुम्हाला दिसेल, की प्रत्येक माशाचा रस्ता ठरलेला असतो. तो कोपऱ्यापर्यंत जातो, वळतो, परत येतो. आणि वळताना काय होते? रिक्षा वळणावर हळू होते, तसाच मासाही हळू होतो. बस, तीच आपली जागा! त्या कोपऱ्यातल्या पानावर फोकस धरा. मोबाईल असेल तर पडद्यावर त्या पानापाशी बोट दाबून धरा, बहुतेक मोबाईलमध्ये फोकस तिथेच पक्का होतो. आणि वाट बघा. मासा वळणावर आला, बाजू दाखवली, की लागोपाठ पाच-सहा फोटो काढा. फोकस माशाच्या डोळ्यावर हवा. शेपटी थोडी पुसट आली तरी चालते, डोळा पुसट आला तर फोटो मेलेला वाटतो.

आणखी एक युक्ती. घरच्या टाकीत रोज एकाच कोपऱ्यात, एकाच वेळी खाऊ द्या. थोड्याच दिवसांत मासे त्या वेळी तिथे हजर राहू लागतील. काचेवर मात्र टकटक करू नका. आपल्याला ती टिचकी वाटते, माशाला तो धक्का बसतो.

पूर्वी कॅमेऱ्यात ३६ फोटोंचा रोल असे. एकेक फोटो जपून काढायचा आणि धुऊन येईपर्यंत वाट पाहायची. आता मोबाईलवर शंभर काढा, नव्व्याण्णव पुसून टाका. एक चांगला आला तरी सकाळ सार्थकी लागली.

हे सगळे कशासाठी?

“गुरुजी, मासा तो मासा! त्याच्या फोटोचे काय करायचे?” असे तुम्ही विचाराल. सांगतो.

पावसाच्या पहिल्या जोरदार सरींनंतर मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात, हे कोकणातल्या मुलांना ठाऊक आहे. हे चढणीचे मासे. पुष्कळांच्या पोटात तेव्हा अंडी असतात. ती घालायला सुरक्षित जागा शोधत ते वर चाललेले असतात. नेमके तेव्हाच ते सापळ्यात सापडतात. दोन-चार घरांच्या जेवणापुरते पकडले तर नदीचे काही बिघडत नाही. पण सगळी वाटच अडवली, किंवा कुणी पाण्यात विषारी औषध टाकले, तर खाण्याजोग्या मोठ्या माशांबरोबर ही चिमुकली मंडळीही मरतात. ती बाजारात विकली जात नाहीत, त्यांची मोजदाद कुणी ठेवत नाही. एखाद्या पऱ्ह्यातून निळ्या रेघांचा मासा नाहीसा झाला, तर कुणाला कळणार? ज्याने तो कधी बाजूने पाहिलाच नाही, त्याला तो गेल्याचेही कळणार नाही.

दुसरे संकट आपल्याच हातून येते. टाकीतले मासे नकोसे झाले, की काही जण दया म्हणून नदीत सोडतात. ही दया नव्हे! परदेशी मासे तिथे पसरले, तर आपल्या माशांचा खाऊ आणि पिल्ले दोन्ही फस्त करतात. गप्पी मासा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. डासांच्या अळ्या खातो म्हणून तो हौदात, टाकीत सोडतात. ओढ्यात मात्र त्याला सोडू नये. तिथे ते काम करायला डोक्यावर ठिपकावाला आपला मासा आहेच की!

तिसरी गोष्ट नावांची. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले कर्नल साइक्स नावाचे अधिकारी पुण्याच्या बाजूला, घाटावर फिरत. तिथल्या नद्यांतल्या माशांचे त्यांनी १८३९ मध्ये वर्णन छापले. शास्त्रीय नावे देताना त्यांनी काय केले? लोकांना विचारलेली मराठी नावेच घेतली. त्यामुळे दगडाला चिकटून राहणाऱ्या एका माशाच्या शास्त्रीय नावात ‘मुल्या’ हा शब्द आहे. एका महाशीरच्या नावात ‘खुदरी’ आहे. आणि आपल्या मुरीच्या एका घाटावरच्या बहिणीच्या नावात ‘मुरे’ आहे. आज जपानमधला शास्त्रज्ञही त्या माशांना या नावांनी ओळखतो. कुणीतरी विचारले आणि लिहून ठेवले, म्हणून ती नावे राहिली.

तुम्हीही तेच करा. एक वही घ्या. प्रत्येक फोटोखाली चार गोष्टी लिहा: तारीख, पऱ्ह्याचे किंवा नदीचे नाव, माशाची लांबी, आणि तुमची आजी किंवा वाडीतले म्हातारे आजोबा त्या माशाला काय म्हणतात ते नाव. एका वाडीत एक नाव, दुसऱ्या वाडीत दुसरे असेल. दोन्ही लिहा. पाच वर्षांनी त्याच महिन्यात, त्याच ठिकाणी पुन्हा फोटो काढा. कोण आहे आणि कोण दिसत नाही, ते तुमची वही सांगेल.

आई-बाबांना दोन शब्द. मुलांना पाण्याजवळ एकटे पाठवू नका. पावसाळ्यात तर पऱ्ह्याच्या जवळपासही नको, आमच्याकडे वर घाटात पाऊस पडला की खाली पाणी एकदम चढते. ही मौज दिवाळीनंतरची, घोट्याएवढ्या पाण्यातली, आणि तुमच्या सोबतीची. मासे पकडायला जुना पंचा पुरतो. एका वेळी दोन-तीनच घ्या.

आणि मुलांनो, फोटो झाले की त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर, जिथून मासे आणले तिथेच त्यांना सोडायचे. भांडे पाण्यात हळूच आडवे करा. वरून ओतू नका. ते आपले आपण बाहेर जातील. जाताना वरून पुन्हा करडेच दिसतील. पण आता त्यांच्या अंगावरच्या रेघा किती आणि कोणत्या रंगाच्या, हे तुम्हाला माहीत असेल.